गोड सांडपाण्याची गोष्ट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

१९८२ सालचा मे महिना. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आंबा कॅनिंग कारखान्यात मी केमिस्ट म्हणून नुकताच लागलो होतो. हंगाम ऐन भरात होता. पहाटेपासून कॅनिंगच्या आंब्याचे टेम्पो दारात उभे असत. आत बायका आंबे धुवत, कापत. पल्परमधून पिवळाधमक रस खाली येई आणि तीन किलो शंभर ग्रॅमच्या डब्यांत बंद होई. दिवसातून तीनदा फरशी, पिंपे आणि यंत्रे धुतली जात. ते पाणी मागच्या गटारातून एका खड्ड्यात जाई आणि खड्डा भरला की खालच्या पऱ्यात. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा लहान ओढा. पावसाळ्यात त्याच्या जवळ जायची भीती वाटते आणि मे महिन्यात त्याची धार करंगळीएवढी उरते.

पऱ्यावर कपडे धुणाऱ्या खालच्या वाडीतल्या एक आजी एके दिवशी गेटवर आल्या. म्हणाल्या, "बाळा, तुमच्या पाण्याला वास मारतो. भांडी घासली तरी बुळबुळीत राहतात. म्हस तोंड लावीत नाय." मी बावीस वर्षांचा, खिशात बी.एस्सी.ची पदवी. मी म्हणालो, "आजी, आंब्याचंच पाणी ते. त्यात विष नाही, काही नाही. घाबरू नका." यंत्रे धुवायला आम्ही कॉस्टिक सोडा वापरत होतो, हे त्या क्षणी मला आठवलेसुद्धा नाही.

चार दिवसांनी डोहातले मासे उलटे होऊन तरंगू लागले. मी गुपचूप एका बाटलीत डोहाचे पाणी भरून आणले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची एक जुनी रीत आहे. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली ती शोधली. बाटलीत दोन द्रावणे घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. माझ्या बाटलीत साका पांढराशुभ्र होता. मी परत नमुना आणला, परत तेच.

आंब्याच्या पाण्याने मासे का मरावेत? याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे आणि तो हिशेब मी त्या रात्री पहिल्यांदा मांडला. फळांच्या रसात ढोबळमानाने अकरा टक्के साखर धरा; हापूसच्या रसात ती याहून बरीच जास्त असते. म्हणजे एक लिटर रसात ११० ग्रॅम साखर. ही साखर पाण्यात गेली की पाण्यातले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, आणि ती पचवण्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. एक ग्रॅम साखरेला एक ग्रॅमहून थोडा अधिक. म्हणजे एका लिटरमागे सुमारे ११७ ग्रॅम. आणि उन्हाळ्यात स्वच्छ ओढ्याच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू किती असतो? जेमतेम आठ मिलिग्रॅम. भागाकार केला की चौदा हजार लिटरांच्या वर उत्तर येते. एक लिटर रस चौदा हजार लिटर पाण्यातला श्वास संपवू शकतो! आपण पाहुण्यांपुढे ठेवतो तो पेलाभर रस मोरीत ओतला तर जवळजवळ तीन हजार लिटर पाण्याचा. वाहत्या पाण्यात हवेतून प्राणवायू मिसळत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात इतके टोक गाठले जात नाही. पण आमच्या डोहात वाहणार काय होते?

जिवाणूंची ही प्राणवायूची भूक म्हणजेच बी.ओ.डी. ती मोजण्याची पद्धत रूढ केली ब्रिटनच्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने. हे कमिशन १८९८ मध्ये नेमले गेले. नमुना पाच दिवस ठेवायचा. कारण इंग्लंडातली कोणतीही नदी पाच दिवसांत समुद्राला मिळते, असे सांगितले जाते. आपल्याकडे उष्णता जास्त, जिवाणूंना घाई जास्त, म्हणून २७ अंशांवर तीन दिवस. कमिशनने १९१२ च्या अहवालात सांडपाण्यासाठी एका लिटरमागे २० मिलिग्रॅम बी.ओ.डी. ही मर्यादा सुचवली. पण तिच्यासोबत एक अट होती, जी पुष्कळदा विसरली जाते : सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत असले पाहिजे. टेम्सच्या काठी बसून लिहिलेली ही अट कोकणातल्या पऱ्याला मे महिन्यात कशी लागू पडावी? आंब्याचा हंगाम आणि पाण्याचा खडखडाट आमच्याकडे एकाच महिन्यात येतात.

रसाच्या धंद्याने ही अडचण जगभर अनुभवली आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात अपोप्का नावाचे मोठे सरोवर आहे. संत्र्या-मोसंब्यांच्या कारखान्यांचे पाणी आणि काठच्या गावाचे सांडपाणी १९२० च्या दशकापासून त्यात जात असे. पुढे काठच्या शेतीतल्या खतांनी त्या सरोवराची खरी वाताहत केली, हा भाग वेगळा. सालींचे ढीग मात्र तिथल्या लोकांनी हुशारीने वापरले. चुना घालून साली पिळायच्या, चोथा गुरांना घालायचा आणि पिळलेले पाणी आटवून त्याची काकवी करायची, तीही गुरांनाच. पण धुण्याच्या पाण्याची काकवी करता येत नाही. त्यात साखर ओढ्याला मारण्याइतकी असते, आटवणे परवडण्याइतकी नसते.

मग उरतात ते जिवाणूच. ओढ्यात जे काम ते मोकाट करतात, तेच टाकीत, आपल्या देखरेखीखाली, भरपूर हवा देऊन करून घ्यायचे. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी हे दाखवून दिले. त्यांची युक्ती अशी की, काम झाल्यावर तळाशी बसलेला जिवाणूंचा गाळ फेकायचा नाही. तोच पुन्हा नव्या सांडपाण्यात घालायचा. दह्याच्या विरजणासारखे. या दोघांच्या मागे प्रेरणा होती गिल्बर्ट फाउलर यांची, आणि हे फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्यामुळे 'सक्रिय गाळ' ही कल्पना आपल्या देशात तशी लवकर पोहोचली.

आमच्या कारखान्यात ती पोहोचली १९८४ मध्ये. डोहातल्या माशांचा बोभाटा झाला होता, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पत्र आले होते आणि मालकांनी नाइलाजाने एक टाकी बांधली. ती चालवायची जबाबदारी माझ्यावर. एप्रिलच्या सुरुवातीला बैलगाडीभर शेण कालवून टाकीत घातले. जिवाणूंचे विरजण ते. त्यांना खायला गूळ. पुस्तकात लिहिले होते की शंभर भाग बी.ओ.डी.मागे पाच भाग नत्र आणि एक भाग स्फुरद हवे. फळाच्या पाण्यात साखर उदंड, पण नत्र-स्फुरद नावाला. नुसत्या साखरेवर जिवाणूंचे शरीर बांधले जात नाही, म्हणून युरिया आणि डी.ए.पी. खताची पोती आली. हिशेब तपासणाऱ्यांनी मला विचारले, "आंबा कॅनिंगला खत कशाला?"

पंधरा दिवस काम छान चालले आणि मग गाळ फुगला. साखर फार आणि पोषण कमी असले की टाकीत तंतूसारखे लांबलांब जिवाणू माजतात. एरवी जिवाणूंचे गोळे जड होऊन तळाशी बसतात आणि वरचे नितळ पाणी सोडून देता येते. तंतूवाल्यांचे तसे नसते. पिंजलेल्या कापसासारखे ते पाण्यात अधांतरी तरंगतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणजे ज्यांनी काम करायचे तेच पळाले आणि पऱ्यात साखरेऐवजी गाळ गेला. मी रात्री बारा वाजता बांबूला फडके बांधून तो तरंगता गाळ गोळा करत असे. त्यातून टाकी सावरेपर्यंत जून उजाडे, आंबा संपे आणि मग जवळजवळ दहा महिने त्या जिवाणूंना खायला काही नाही. ते मरून जात. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा शेण, पुन्हा गूळ. नऊ हंगाम मी हा खेळ खेळलो. त्यातल्या किती दिवसांचे पाणी ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेत होते, हे मी इथे सांगत नाही. नोंदवहीत ते तसे लिहिलेले असे.

माझ्या टाकीला हवी होती एक चाळण. एवढी बारीक की जिवाणू तिच्यातून निसटूच नये. ती चाळण जगात तेव्हा तयार होती. तिची गोष्ट मला फार उशिरा कळली.

ती सुरू होते १७४८ मध्ये, पॅरिसला. झाँ-आंत्वान नोले हे धर्मगुरू होते आणि हौशी प्रयोगकर्तेही. त्यांनी एका भांड्यात मद्यार्क भरला, तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि हवा लागू नये म्हणून ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतात तो पडदा फुगून टरारला होता. टाचणी टोचताच आतून कारंजे उडाले. पाणी पडद्यातून आत शिरले होते, मद्यार्क मात्र तितकासा बाहेर पडू शकला नव्हता. फळाच्याच रसापासून काढलेला मद्यार्क तो! परासरणाची ही पहिली नोंद. पुढे द्युत्रोशे यांनी त्याला नाव दिले, ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये चर्मपत्रासारख्या कागदातून क्षार आणि सरस वेगळे करून दाखवले, व्हांट हॉफ यांनी त्याचे गणित मांडले आणि रसायनशास्त्राचे पहिले नोबेल १९०१ मध्ये त्यांना मिळाले. ही सगळी दीडशे वर्षे पडदा प्रयोगशाळेतच राहिला. त्यातून पाणी इतके हळू झिरपे की कारखान्यात त्याचा उपयोग शून्य.

ही कोंडी फुटली १९५९-६० च्या सुमारास, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. तिथे दोघे जण खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी काढायच्या खटपटीत होते. एक सिडनी लोब आणि दुसरे आपल्या भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन. बाजारात मिळणारा सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा त्यांनी पाण्यात तापवून पाहिला. एकदा तो उत्तम चाले, एकदा मुळीच नाही. पडदा तोच, दाब तोच. शेवटी लक्षात आले की पडदा सुलटा लावला तर चालतो, उलटा लावला तर नाही! त्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. एका बाजूला अगदी पातळ, दाट साय होती आणि तिच्याखाली स्पंजासारखा जाड, सच्छिद्र थर. अडवायचे काम सायीचे, आधार स्पंजाचा. पाणी फक्त सायीपुरतेच अडखळत होते. मग त्यांनी मुद्दाम असे पडदे स्वतः बनवले आणि पाणी पूर्वीच्या कितीतरी पट वेगाने मिळू लागले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या गावात त्यावर चालणारा पहिला छोटा प्रकल्प सुरू झाला. आज घरोघरी ओट्यावर जो आर.ओ. गुरगुरत असतो, त्याचा हा पूर्वज. सौरीराजन पुढे कॅनडात गेले आणि तिथे १९७४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेला एक निबंध कशावर आहे? फळांचे रस पडद्याने घट्ट करण्यावर.

तेव्हा रसाच्या कारखान्यात पडदा आला तो पुढच्या दाराने, मालासाठी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सफरचंदाचा गढूळ रस काचेसारखा स्वच्छ करायला अल्ट्राफिल्ट्रेशनचे पडदे वापरू लागले. तोवर तो रस जिलेटिन, बेंटोनाइट माती वगैरे घालून निवळावा लागे. मालाच्या नफ्यात पडद्याची किंमत निघत होती. मागच्या दाराच्या सांडपाण्यात कोण पैसे घालणार?

सांडपाण्यासाठी पडदा वापरायचा प्रयत्न अमेरिकेत डॉर-ऑलिव्हर कंपनीने साठच्या दशकाच्या शेवटी केला होता. जिवाणूंच्या टाकीतले पाणी पंपाने जोरात पडद्यावरून फिरवायचे, स्वच्छ पाणी पलीकडे, जिवाणू परत टाकीत. तंत्र चोख होते, पण विजेचे बिल भयंकर. १९८९ मध्ये टोकियो विद्यापीठात काझुओ यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उलटे केले : पाणी पडद्याकडे नेण्याऐवजी पडदाच टाकीत बुडवायचा. शेवयांसारख्या पोकळ तंतूंचा जुडगा पाण्यात सोडायचा आणि आतून हलकेच शोषून घ्यायचे. जिवाणूंसाठी जी हवा सोडायची तिचेच बुडबुडे पडद्याला घासत राहतात. नव्वदच्या दशकात हे यंत्र बाजारात रुळले. आपल्याकडे लोक त्याला एम.बी.आर. म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मलाही होता. हा पडदा साखर अडवत नाही. त्याची छिद्रे मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या आगेमागे. विरघळलेली साखर त्यातून सुखाने निघून जाते. साखर खातात ते जिवाणूच. पडदा फक्त त्यांना पळू देत नाही. गाळ फुगला, तरंगला, कापूस झाला तरी तो टाकीतच राहतो. साध्या टाकीत लिटरमागे तीन-चार ग्रॅम गाळ राखता राखता नाकी नऊ येतात. इथे आठ-दहा ग्रॅम राहतो, त्यामुळे टाकी लहान पुरते. बांबू आणि फडके लागत नाही.

पाणी याहून शुद्ध हवे असेल तर पुढे आणखी बारीक पडदे लावावे लागतात. जर्मनीत सारब्रुकनच्या संशोधकांनी एका रसाच्या कारखान्याच्या आवारात असा प्रयोग केला आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. आधी जिवाणू आणि पडदा, मग दोन टप्प्यांचे नॅनोफिल्ट्रेशन, शेवटी अतिनील किरण. आणि पाणी पिण्याच्या पाण्याच्या दर्जाचे. मला मात्र या बारीक पडद्यांचा विचार केला की एकच प्रश्न छळतो. नोलेंच्या भांड्यापासून आजपर्यंत पडद्याने कोणतीही गोष्ट नाहीशी केलेली नाही. तो दोन वाटण्या करतो. एका नळीतून स्वच्छ पाणी येते, दुसरीतून जे अडले ते सगळे, पहिल्याहून दाट. पहिल्या नळीचे पाणी पाहुण्यांना दाखवतात.

निवृत्तीनंतर, २०१९ च्या मे महिन्यात, अशा एका कारखान्यात मला सल्ल्यासाठी बोलावले होते. तिथल्या ऑपरेटरनेही मला आधी काचेच्या पेल्यात पाणी दाखवले. मी विचारले, "दुसरी नळी?" तो हसला आणि मागे घेऊन गेला. दाट पाणी आटवायचे यंत्र होते आणि ते चालू होते, हे सांगायला मला आनंद वाटतो. त्याचे खरे दुखणे वेगळेच होते. पेक्टिन. आंब्याच्या गराला जो चिकटपणा असतो, जामला जो घट्टपणा येतो, त्याच पेक्टिनचा लेप पडद्यावर बसतो आणि पाणी येईनासे होते. मग पडदा हायपोक्लोराइटने धुवायचा, आणि क्षार बसले असतील तर सायट्रिक आम्लाने. हे आम्ल शेले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून प्रथम वेगळे केले. रसाने चोंदलेला पडदा रसातल्या आम्लाने मोकळा होतो. (कारखान्यात येते ते मात्र लिंबाचे नसते, बुरशीकडून करून घेतलेले असते.)

जवळच्याच वाडीतला होता तो मुलगा, आय.टी.आय. झालेला. मी त्याला विचारले, "एप्रिलला शेण किती घालता?"

"शेण कशाला, काका? आपले जिवाणू मरतच नाहीत."

"हंगाम संपल्यावर काय खातात?"

त्याने नोंदवही उघडली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. कारखान्याला कुलूप, पऱ्याला पूर, आणि दर तिसऱ्या दिवशी त्याच्या हस्ताक्षरात एकच नोंद : गूळ, युरिया, हवा दोन तास. गणपतीत दीड दिवसाचे विसर्जन करून तो आला होता. दिवाळीतही. त्या दिवसांचा पगार मिळतो का, असे मी विचारले. मिळत नव्हता. मी मालकांना दिलेल्या अहवालात पडद्यांविषयी दोन पाने लिहिली आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर, त्या पगाराविषयी लिहिले.

परतताना माझ्या जुन्या कारखान्यावरून रस्ता होता. तो बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. मी गाडी थांबवून पऱ्याकडे उतरलो. धार करंगळीएवढीच होती. आजी केव्हाच गेल्या. त्यांची सून धुणे आपटत होती. मी कोण ते तिला सांगितले, आणि सदतीस वर्षांपूर्वी तिच्या सासूबाईंना मी चुकीचे सांगितले होते, हेही. ती म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं. म्हस पाणी पीत नव्हती ना."